आमची खोटारडी आई

माझ्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. आई गेली तेव्हा भेटायला आलेल्या बाया डोळे पुसत एकच म्हणत होत्या, "भागाबाईच्या तोंडून कधी खोटं आलं न्हाय." दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी मी सरळ म्हणाले, "आमची आई लई खोटं बोलायची." काकूनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि बायांना सांगितलं, "दुःखानं डोकं फिरलंय बिचारीचं. मनावर घेऊ नका."

माझं डोकं चांगलं ठिकाणावर आहे. मी तिची पोटची लेक. तिच्या खोट्याचे किस्से माझ्याजवळ इतके साठलेत, की एक काढला की मागून दुसरा येतो. बायांनी ऐकले नाहीत, म्हणून लिहून ठेवते.

* * *

आईचे आईबाप प्लेगात गेले. मागं उरला धाकटा भाऊ, आमचा मामा. आई लग्न होऊन अणदूरला आली ती त्याला कडेवर घेऊनच. आमच्या आजीनं दारातच विचारलं, हे काय आणलंस बरोबर? आई म्हणाली, "आत्याबाई, चार दिवसांसाठी आलाय."

मामा आमच्याच घरी रांगला, चालला, आमच्याच घरी नांगर धरायला शिकला. त्याला मिसरूड फुटलं तेव्हा आजीनं एकदा हळूच विचारलं, सूनबाई, हा जाणार कधी? आई भाकरी थापता थापता म्हणाली, "जाईल की. आत्ता तर आलाय."

* * *

मी चार इयत्ता शिकले, तेही तिच्या खोट्यावर. पोरीच्या जातीला शाळा कशाला, म्हणून आजीनं घर डोक्यावर घेतलं होतं. मग आई रोज सकाळी माझ्या हातात टोपली द्यायची आणि मोठ्यानं सांगायची, "जा, शेण घेऊन ये." मी टोपली घेऊन पंतोजींच्या ओसरीवर जाऊन बसायची. शाळा सुटली की पंतोजींची बायको आपल्या म्हशीचं शेण टोपलीत घालून द्यायची. हे सगळं आईनंच ठरवलेलं.

एक दिवस आजीला शंका आली. एवढ्याशा शेणाला ही पोरगी दुपार करती?

आई म्हणाली, "तिला निवडून आणायची सवय हाय."

* * *

माझं लग्न मुरुम गावातल्या एका घरात ठरलं. मी कशी आहे हे गावाला ठाऊक होतं. तोंड उघडलं की चार घरं ऐकायची. बघायला आले त्या दिवशी आईनं मला सकाळीच दम दिला होता, तोंड उघडशील तर याद राख. मी मान खाली घालून बसले. आईनं सांगून टाकलं, "लई गरीब हाय पोरगी. घरात असली तरी कळत न्हाय."

सहा महिन्यांत सासूबाई अणदूरला हजर. उंबऱ्यातूनच सुरू झाल्या, "विहीणबाई, फसवलंत आमाला. तुमी म्हणलात गरीब हाय. अवो, ही माझा एक शब्द खाली पडू देत न्हाय, लगीच उलट जबाब."

आईनं त्यांना आधी गूळपाणी दिलं. मग मलाच जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आमच्याकडं होती तवर गरीबच होती. तुमी काय केलंत हो माझ्या लेकराला?"

* * *

नवरा गेल्यावर मी कमळीला, माझ्या लेकीला घेऊन आईकडं आले ती कायमची. कमळीचा हात गलोलीवर भारी. एकदा तिनं शेजारच्या गोदाक्काचा पाण्यानं भरलेला रांजण फोडला. गोदाक्का भांडायला आली. पोरीनं गलोल चालवली हे गावभर झालं असतं तर तिला पुढं कुणी सून करून घेतलं नसतं. आई पुढं झाली.

"कमळीनं न्हाय फोडला. म्या फोडला."

"तुमी? कशानं?"

"गलोलीनं. कुत्र्याला मारत होते."

साठीच्या बाईकडं गोदाक्का बघतच राहिली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, असं? मग मारून दावा बरं त्या चिंचेला.

आईनं गलोल घेतली, एक डोळा मिटला आणि पहिल्याच दगडात चिंचेचा आकडा खाली पाडला. गोदाक्का मुकाट निघून गेली. आई गलोल चालवायला कधी शिकली, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

* * *

आता शेवटचा. पोलीस ॲक्शनच्या आधीचा हिवाळा. मामा निजामाच्या विरोधातल्या पोरांना भाकरी-निरोप पोचवायचा, म्हणून त्याच्यावर वॉरंट निघालं. सापडला असता तर जिता परत आला नसता. आईनं त्याला धान्याच्या बळदात उतरवलं आणि भरलेल्या बळदाचं तोंड लिंपतात तसं शेणामातीनं लिंपून टाकलं. हवेला तेवढं एक भोक ठेवलं.

झडतीला आलेला पोलीस अमीन नवा होता, हैदराबादकडचा. घर उलथंपालथं करून तो बळदासमोर उभा राहिला. फोडा म्हणाला. तेवढ्यात आमचे पाटील म्हणाले, साहेब, वर्षाचं धान्य मातीत जाईल. आमच्या गावात खंडोबाचा भंडारा उचलून कुणी खोटं बोलत नाही. म्हातारीला देवळात न्या.

सारं गाव मागं. गाभाऱ्यात अंधार. आईनं मूठभर हळद उचलली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माझा भाऊ माझ्या घरात न्हाय." अमीनानं गावकऱ्यांच्या तोंडाकडं बघितलं. कुणी हललं नाही. तो गेला.

घरी आल्यावर मी रडायलाच लागले. "आई, खंडोबाची खोटी शपथ घेतलीस?"

आई बळदाची माती उकरत होती. "खंडोबा होता का तिथं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मूर्ती एक आणि गावं दोन. दरवर्षी हिवाळ्यात देव नळदुर्गला राहायला जातो. गाभारा रिकामा होता, आणि अमीन सोडून हे साऱ्या गावाला माहीत होतं.

मामा निजामाच्या राज्याबाहेर, सोलापूरच्या हद्दीत सुखरूप पोचला. पण अमीनाला कुणीतरी देवाचं सांगितलं. तो परत आला तो लालबुंद होऊन. पाटलांना चावडीवर उभं केलं होतं. आईलाही बोलावलं.

"ए बुड्ढी, रपट में नाम लिखना पडता. ये किसका काम है, नाम बोल."

आईनं पाटलांकडं बघितलंसुद्धा नाही. पदर नीट केला.

"सांगते, लिवा. त्या दिवशी म्या आले, पाटील आले, तुमी आलात, सारं गाव आलं. ज्यानं साक्षीला हजर ऱ्हायला पायजे, त्यो एकलाच आला न्हाय. त्याच्यापायी हे सगळं झालं."

अमीनानं कलम कागदावर टेकवली. "नाम?"

"राहणार अणदूर, हल्ली मुक्काम नळदुर्ग," आई सावकाश म्हणाली, त्याला लिहिता यावं म्हणून. "नाव खंडेराव."