गेजवरचे कुंकू

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचे पाच छोटे कारखाने एका ओळीत होते. कारखाने म्हणजे पत्र्याचे गाळेच. परदेशी काम एकट्यादुकट्याला झेपणारे नव्हते, म्हणून पाच जणांनी मिळून इटलीतल्या एका कंपनीशी जुळवून घेतले. तीही आमच्यासारखीच घरगुती: एक बाई, तिचा भाऊ आणि मोजके कामगार. पंपांचे भाग आम्ही करायचे, जोडणी त्यांनी. इंग्रजी मला येत होते, म्हणून बाईंशी बोलायचे काम माझ्याकडे आले.

शेजारच्या गाळ्यात देवळा गावाकडचा माझा मित्र होता. प्रत्येक भागाचे आतले भोक नेमक्या मापाला आणणे हे त्याचे काम. तपासणी माझ्याकडे. त्यासाठी बाईंनी एक गेज पाठवले होते. अंगठ्याएवढा पोलादी दट्ट्या. तो भोकात अलगद गेला की माप बरोबर. गेज एकच होते आणि ते माझ्या ताब्यात होते.

खंडेनवमीला आम्ही यंत्रे बंद ठेवून हत्यारांची पूजा करतो. त्या वर्षी पाटावर पाना, पक्कड, मापाचे व्हर्नियर मांडले आणि मधोमध मी ते गेज ठेवले. माझ्या पत्नीने त्याला ओले कुंकू लावले.

मित्र म्हणाला, "वहिनी, इटलीचा जावई हाय तो. टोपी-उपरणं पण द्या की!"

सगळे हसलो. दसरा होईपर्यंत मांडलेले हत्यार हलवायचे नाही, ही आमची पद्धत. दसऱ्यानंतर गेज उचलले तर कुंकवाखाली गंज धरलेला. नवे मागवायचे तर बाईंना कारण सांगावे लागणार. पूजेत ठेवले होते, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? मी बारीक पॉलिश पेपर घेतला आणि डाग जाईपर्यंत घासत बसलो. डाग गेला, पण दट्ट्या किंचित बारीक झाला. मला शंका आली होती. ती मी दाबली.

काही दिवसांनी मित्र आला. "भाऊ, माझ्या हाताला भोक तंग लागतंय. तुमचं गेज कसं जातंय?"

"जातंय ना? मग झालं तर," मी म्हणालो.

माल इटलीत पोचला आणि त्यांचा दांडा एकाही भोकात जाईना. बाईंनी व्हिडिओ कॉल लावला. मी आणि मित्र शेजारी शेजारी बसलो. बाई रागावल्या नव्हत्या. दोष कोणाचा हे मला नको, कुठे चुकले ते सांगा, आपण मिळून सुधारू, एवढेच त्या म्हणाल्या. मी सांगितले, याचे यंत्र जुने झाले आहे आणि याचे हातही पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. मित्राला इंग्रजी कळत नव्हते. मी त्याची बाजू मांडतो आहे असे समजून तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. "यस मॅडम, यस मॅडम."

कॉल संपल्यावर त्याने माझा हात धरला. "भाऊ, तुम्ही होता म्हणून निभलं."

बाईंनी भोकांचे काम दुसऱ्याला द्यायला सांगितले आणि त्याच्यासाठी नवे गेज पाठवले. निर्णय तिकडचा आहे, असे मी मित्राला म्हणालो. पाहता पाहता त्याची बाकीची कामेही सुटली. त्याने यंत्र विकले आणि तो देवळ्याला परत गेला. त्याच्या हाताने त्याचे इटलीचे काम घालवले, हे आमच्या ओळीत सगळे म्हणू लागले. त्याच्या मुलाने तेच ऐकले. आम्ही चौघे पुढे बरीच वर्षे ते काम करत राहिलो.

आता माझा गाळा भाड्याने दिला आहे. बाईंना खरे काय ते कळवावे म्हणून मेल केली. ती पोचलीच नाही. पत्ता बंद झालेला. मग यंदा देवळ्याला गेलो.

अंगणात मुलगा पाण्याच्या मोटरीचा पाइप जोडत होता. मित्र पाना घेऊन पुढे सरकला, तसा मुलगा म्हणाला, "बाबा, राहू द्या. तुमच्या हातून बिघडतं."

मी तिथेच सगळे सांगितले. कुंकू, गंज, पॉलिश पेपर, तो कॉल.

मित्र म्हणाला, "आणि मी मान हलवत होतो."

मुलगा माझ्याकडे पाहून हसला. "काका, बाबांना बरं वाटावं म्हणून एवढ्या लांब आलात. लय मोठं मन हाय तुमचं."

"अरे, खरंच सांगतोय. चूक माझी होती."

"हो हो. चहा टाकायला सांगतो." त्याने वडिलांच्या हातातला पाना हळूच काढून घेतला. मी पुन्हा सुरुवात केली, त्याने पुन्हा तसेच मान डोलावत ऐकले. माझे काही चालेना.

मित्र फाटकापर्यंत सोडायला आला. मी गाडीचे दार उघडले तेव्हा म्हणाला,

"भाऊ, एकदा इंग्रजीत सांगून बघा त्याला. तुमचं इंग्रजी लोकांना लगेच पटतं."