नव्या मशीनच्या अर्जात मी लिहिलेल्या दोन ओळी

पूर्णा गावातल्या गोदामांमागे आमचा कारखाना आहे. गॅरेजमधून गोळा केलेलं जळकं ऑइल तिथे येतं आणि साफ होऊन पुन्हा विकलं जातं. मी तिथल्या लॅबमध्ये केमिस्ट. आमच्या घरात कारखान्यात जाऊन कपड्यांना डाग न लावता परतणारी मी पहिलीच.

तेव्हा ऑइल अ‍ॅसिड टाकून साफ करत. त्यातून डांबरासारखा काळा गाळ निघे. तो ड्रममध्ये भरून मागच्या आवारात ठेवलेला असे आणि ड्रम सडले की जमिनीत झिरपे. हे काम अकरा माणसं करत. त्यांतले सगळ्यांत जुने काका अकलोलीच्या पलीकडच्या पाड्यावरचे. ऑइल किती साफ झालं, ते नुसत्या वासावरून सांगत. ते बोलायला लागले की मधेच खोकला येई, मग तोंड फिरवून उभे राहत.

त्यांचा तो खोकला ऐकूनच मी दुसऱ्या पद्धतीमागे लागले. अ‍ॅसिड न वापरता, हवा काढून घेतलेल्या टाकीत ऑइल तापवून वेगळं करायचं. लॅबमध्ये वर्षभर छोटे प्रयोग केले. ऑइल स्वच्छ आलं. मॅनेजर साहेबांना अहवाल दाखवला तर ते म्हणाले, "शेठ गाळाबिळाचं वाचणार नाहीत. माणसं कमी लागतील, ते वर लिही."

मी नव्या मशीनचा अर्ज केला आणि लिहिलं: चार माणसांत काम होईल. पहिल्याच पानावर.

शेठनी बैठक बोलावली. विक्रीवाले म्हणाले, रंग वेगळा दिसला तर गिऱ्हाईक बिथरेल. शेठनी काकांना विचारलं, "आपका क्या कहना है?"

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "नको. हाय तेच बरं हाय."

विषय तिथेच मिटला. मला फार राग आला. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. "काका, मी हे तुमच्यासाठीच केलं ना?"

"आमच्यासाठी?" ते शांतपणे म्हणाले. "चार माणसांत काम व्हईल, असं तूच लिवलंस ना ताई? आमी अकरा हाव. सातांनी कुठं जायाचं?"

मी डबा बाजूला ठेवून कागद घेतला.

मग मी त्यांच्याजवळ बसूनच अर्ज पुन्हा लिहिला. मागे साचलेला गाळ उपसायला माणसं लागतील, टाक्या राखायला लागतील, हे सगळं त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. कोणालाही काढू नये, असं ठळक लिहिलं. शेवटी माझ्या मनाने एक ओळ घातली: नव्या टाकीवर उभं करण्याआधी कामगारांची छाती तपासून घ्यावी.

या वेळी शेठनी विचारल्यावर काका म्हणाले, "आता व्हऊ द्या." विक्रीवाले कुरकुरले, पण शेठनी मान हलवली.

मशीन आलं. तपासणीसाठी डॉक्टरही आले. दहा जण पास झाले. काकांच्या फुप्फुसांचा अहवाल माझ्याच टेबलावर आला. साहेब म्हणाले, "तापलेल्या टाकीजवळ ह्यांना उभं करता येणार नाही. तुझ्याच अर्जात आहे."

"कोणाला काढू नये, असंही आहे त्यात. मग गेटवर ठेवा."

"गेटवर जागा नाही."

काकांनी हिशेबाच्या कागदावर सही केली आणि पिशवी उचलून गेले. मी लॅबच्या खिडकीतून पाहत राहिले, खाली उतरले नाही. शेठकडे जायचं धाडसही त्या दिवशी झालं नाही. नंतर गेले, तेव्हा ते म्हणाले, "बेटी, नियम तो तुमने ही बनाया."

एका रविवारी मी पाड्यावर गेले. काका ओट्यावर बसले होते. पहिलं विचारलं ते हेच, "गाळ येतो का आता?"

"नाही येत."

"बरं झालं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

त्यांच्या बायकोने पाणी दिलं. तांब्या परत घेताना विचारलं, "यांच्या छातीला तुमच्या लॅबात काय औषध हाय का?"

मी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी रजा टाकून काकांना सरकारी दवाखान्यात नेलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा नेते. कारखान्यात हे मी कोणाला सांगितलेलं नाही.