वर्षीच्या पैशात अर्थिंग

माझी बायको मागच्या वैशाखात कूलरला चिकटून गेली. कूलर चालू, पाण्याचा पाइप हातात, पाय उघडे, फरशी ओली. आतली वायर घासून पत्र्याला लागली होती. लोक म्हणतात देवाघरी गेली. मी तसं म्हणत नाही. करंटनं गेली. विजेचे साहेब पाहून गेले आणि म्हणाले, बाबा, तुमच्या घराला अर्थिंगच नाही. प्लगमध्ये तिसरं भोक होतं, भोकामागे वायर नव्हती. करंटला जमिनीत जायला वाट नव्हती, तो तिच्या अंगातून गेला.

वर्ध्यातलं हे घर आम्ही जिनिंग मिलात कापसाचे बोजे उचलून बांधलं. मागे मी राहतो. समोरच्या खोलीत भाड्यानं इस्त्रीवाला. वर एक पोरगी भाड्यानं, नवरा जाम गावच्या धाब्यावर कामाला, कडेवर लेकरू. बायको गेल्यावर मी सगळ्यांना सांगून टाकलं, या घरात आता कूलर लागणार नाही. पाऊस गेला, थंडी गेली, कोणी काही बोललं नाही. होळी झाली आणि ऊन तापलं. वरच्या लेकराची पाठ घामोळ्यांनी लाल झाली. पोरगी खाली आली.

"काका, कूलर लावू द्या. नाई तं मी दुसरी खोली पाह्यतो."

"थांब. घर तपासून घेतो."

"हे तुमी होळीलेही म्हनलं होतं."

खरं होतं तिचं. मी पैशासाठी अडलो होतो. गल्लीतला वायरमन म्हणाला, दोनशे द्या, टेस्टर लावून पाहतो. मी म्हणालो, टेस्टर तिच्या वक्ताला पण होता घरात, तू जा. मग लायसनवाला ठेकेदार आणला. त्यानं नुसतं पाहायचेच अडीच हजार सांगितले, आणि इस्त्रीचं दुकान आहे म्हणून त्याचे वेगळे हजार.

"पाह्याचे पैसे? डोळे का भाड्यानं आनले?"

तो हसला. "काकाजी, डोळे फुकट हायेत. सहीचे पैसे हायेत. उद्या काई झालं तं मले धरतीन."

ते मला पटलं. सही करायला भिणारा माणूस नीट पाहतो. पण अर्थिंगसाठी नवीन खड्डा, सगळ्या घरात वायर, करंट अंगात गेला की खटकन पडणारं बटन, हे सगळं धरलं तर आकडा माझ्या हाताबाहेर गेला.

इस्त्रीवाल्याला म्हटलं, तुझ्या दुकानाचं तू दे.

"कायले? पंधरा वर्षं झाले, मले कधी झटका नाई लागला."

"तिलेही एकदाच लागला," मी म्हणालो.

त्यानं इस्त्री उभी ठेवली. संध्याकाळी हजार रुपये आणून दिले.

बाकीचा पैसा घरात होता, पण तो तिचा होता. गल्लीतल्या बायांच्या भिशीत ती पैसे भरायची. तिचा नंबर ती गेल्यावर लागला, आणि बायांनी पैसे आणून माझ्या हातात दिले. तो मी तिच्या वर्षीच्या, वर्षश्राद्धाच्या, जेवणासाठी ठेवला होता. रोहण्याहून तिचं सगळं माहेर येणार होतं. मी साळ्याला फोन केला, जेवण घालत नाही, त्या पैशात घराच्या वायरा बदलतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तो दारात.

"भाऊजी, माह्या बहिनीच्या पैशात तुमी भाडेकऱ्याच्या वायरा बदलून रायले. लोक म्हनतीन, बुढ्यानं बायकोचं जेवन खाल्लं."

"म्हनू दे. तेरवीले सारा गाव जेवून गेला. एकानं तरी प्लग पाह्यला काय?"

"आमी का वायरमन आहो?"

"मीही नाई. म्हनून तं पैसे देऊन रायलो."

"मंग मी वर्षीले येत नाई."

"नको येऊ. घरी जाऊन तुया कूलर पाह्य."

चहा ठेवला होता. त्यानं कप उचलला नाही, चप्पल घातली आणि गेला. मलाही वाईट वाटलं. तो तिचा लाडका भाऊ. पण मी मागून हाक मारली नाही.

काम सुरू झालं. मागच्या अंगणात खड्डा खणला, त्यात कोळसा आणि मीठ भरलं. भिंती फोडल्या. धूळ तिच्या फोटोवर बसली, मी पुसत राहिलो. ज्या खोलीत ती गेली त्या खोलीत मी वर्षभर झोपलो नव्हतो. ठेकेदाराची माणसं आत गेली तेव्हा दारात उभा राहिलो. त्यांनी तो प्लग उघडला आणि तिसऱ्या भोकामागे हिरवी वायर कसली. हातभर हिरवी वायर. भाजीच्या जुडीला बांधायला जेवढी सुतळी लागते तेवढी. मी जाऊन खाटेवर बसलो. ठेकेदारानं पाणी विचारलं, मी नको म्हणालो. काम करा म्हणालो.

वर्षीला जेवायला आम्ही घरातलेच होतो, मी आणि भाडेकरू. वरण, पोळी, तिला आवडायचं ते वांग्याचं भरीत. रोहण्याहून कोणी आलं नाही.

दुपारी वरची पोरगी कूलर पुसून बसली होती. पाणी भरलं होतं, पिन लावली होती, बटन दाबलं नव्हतं.

"दाब," मी म्हणालो.

"काका, ठेकेदाराचा कागद हाय, सही हाय. पन मले भेव वाटते."

मी दाबलं. पंखा फिरला, वाळ्याचा वास आला. मी तळहात पत्र्यावर ठेवला आणि ठेवूनच राहिलो. पत्रा गार होता, दुसरं काही नाही. पोरगी माझ्या हाताकडे पाहत होती. मग तिनं लेकराला हवेपुढे निजवलं.

"पानी भरताना बटन बंद करजो. पिन काढजो. पायात चप्पल घालजो."

"हो काका."

"हो म्हनू नको. करून दाखव."

ती उठली. बटन बंद केलं, पिन काढली, दाराशी जाऊन चप्पल घातली आणि मग पाइप हातात घेतला.