कूलरच्या तळाचे पाणी

ओल्या वाळ्याचा वास आला की अजूनही थंडावा नंतर जाणवतो. आधी कानशिले तापतात.

इतवारीतल्या आमच्या गल्लीत पहिला कूलर आमच्याकडे आला. पत्र्याची ती पेटी खिडकीत बसली आणि उन्हाळ्याच्या दुपारी वाळ्याच्या ताट्यांतून गार, मातकट वारा घरभर फिरू लागला. गल्लीतली मुले उंबऱ्याशी येऊन थांबत. आईने बोलावल्यावर पाय पुसून आत यायचे, असा तिचा नियम होता. समोरच्या घरातली माझी मैत्रीण सर्वांच्या आधी हजर असे. तिची आई हसत म्हणे, "ताई, तुमच्या कूलरनं माही पोरगी बिघडवली. घरी झोपूनच नाही राहिली."

पाऊस लागला. कूलर रिकामा करून माळ्यावर टाकावा, असे वडील सुचवत राहिले. आईने त्यावर भरतकामाचे झाकण घातले आणि रस्त्यावरून दिसेल असा तो खिडकीतच राहू दिला.

श्रावणात मैत्रिणीला हुडहुडी भरून ताप आला. मलेरिया खात्याचा माणूस घरोघरी तापाची चौकशी करत फिरे; त्याने तिच्या बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्त नेले. तपासणीत हिवताप निघाला, तेव्हा खात्याची माणसे आजूबाजूच्या घरांतले साचलेले पाणी पाहत आमच्यापर्यंत आली. एकाने ते झाकण दूर सारले, आईकडून पांढरी बशी मागितली. पाहुण्यांसाठी ठेवलेलीच तिने दिली. कूलरच्या तळाचे पाणी त्याने बशीत घेतले. कुजक्या वाळ्याच्या दर्पात बारीक अळ्या वळवळत होत्या. अर्धी गल्ली दाराशी जमली होती, मैत्रिणीची आईही.

"इथंच पैदास होऊन राहिली," तो सोबत्याला म्हणाला.

आई म्हणाली, "ते पावसाचं पाणी आहे. आमचं नाही."

कुणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

संध्याकाळी आईने मऊ भाताचा डबा माझ्या हाती दिला. स्वतः मात्र उंबरा ओलांडला नाही. समोरच्या दाराशी मी थांबले. आत गोधडीखाली मैत्रिणीचे दात वाजत होते. हे दार आता आपल्याला बंद झाले, असेच वाटत होते. डब्याचे कान तळव्यात रुतले होते. तिच्या आईने, काकूंनी, डब्याकडे पाहिले, मग माझ्या पायांकडे; ते मी पायपुसण्यावर पुन्हा पुन्हा घासत होते.

काकू म्हणाल्या, "ये."