बंद वखारीतली दांडगी आक्का

आक्का सूर्याला शिव्या द्यायची. अशातशा नव्हेत, ऐकणाऱ्याची कानशिलं तापवणाऱ्या. वैशाखात सकाळी आठलाच निपाणीच्या पत्र्यांवर ऊन चढलं, की ती वखारीच्या अंगणात कमरेवर हात ठेवून वर बघायची आणि त्याच्या सात पिढ्या काढायची. आमच्याबरोबर काम करणारी हौसाबाई रोज त्याच सूर्याला हात जोडायची. तिच्या जिवाला ते फार लागे. "अगं, द्येव हाय तो," ती कळवळून म्हणायची. "तुझा आसंल. आमी द्येव सोडल्यात. माझा त्यो वैरी हाय," आक्का सांगायची. आमच्या वस्तीनं देव घराबाहेर काढले होते हे खरं. पण त्याचा असा उपयोग करून घेणारी आक्का एकटीच.

तिला सगळेजण दांडगी आक्का म्हणत. अंगानं ती दांडगी नव्हती. काटकुळी होती, गालफडं बसलेली होती. दांडगे होते ते तिचे हात आणि तोंड. राग आला तरी हात उठायचा, माया आली तरी हातच उठायचा. मी मॅट्रिक झाल्यावर वडील आजारी पडले आणि मला वखारीत जावं लागलं, तेव्हा शेजारधर्म म्हणून तिनं मला आपल्या जवळ बसवून घेतलं. पहिल्याच दिवशी पाठीत असा रट्टा घातला, की मॅट्रिकचा सगळा ताठा उतरला. "वाकून बस. कागुद लिवत न्हाईस हितं."

ज्यांनी तंबाखूच्या वखारीत दिवस काढलेत त्यांना काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. वाळलेला पाला जमिनीवर पसरायचा, काठीनं बडवायचा, मग चाळायचा. धूळ अशी उठते, की शेजारची बाई दिसत नाही. नाकातोंडाला फडकं बांधलं तरी घशात आग होते. डोक्यावर पत्रा. आणि उन्हाळ्यात वारं सुटलं, की दारं बंद, कारण चाळलेला माल उडतो. बाई उडाली तर चालते. चाळीसभर बायका त्या अंधारात बडवत बसलेल्या आणि मुकादम बाहेर चिंचेच्या सावलीला पान लावत बसलेला. मी आता बेळगावात खासबागेत पंख्याखाली बसून हे लिहिते आहे, तरी आठवणीनं पाठीला घाम येतो.

बायका पाणी प्यायच्या नाहीत. प्यायलं की बाहेर जावं लागणार, बाहेर जायला मुकादमाला विचारावं लागणार, आणि तो चार माणसांत मोठ्यानं म्हणणार, "आली परत मुतायला!" त्यापेक्षा तहान बरी, असा सगळ्यांचा हिशेब. हा हिशेब आक्कानं मारून मोडला. तांब्या घेऊन ती ओळीतून फिरायची. ज्या बाईनं मान हलवली तिच्या मानगुटीला धरून पाणी तोंडात ओतायची. "मुतायची लाज वाटती व्हय गं? आणि मरायची? मरायचं आसंल तर घरी मर, माझ्या शेजारी न्हाई." हौसाबाईचा ओठ एकदा तांब्याच्या काठानं फुटला. रक्त पुसत ती पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं आक्काला भाकरीबरोबर ठेचा आणून दिला.

एका दुपारी वखारीसमोर पोत्यांनी लादलेल्या गाडीचा बैल डांबरी रस्त्यावर बसला. डांबर पाघळलेलं, बैलाच्या तोंडाला फेस. गाडीवान आसूड ओढत होता. आक्का जेवण टाकून उठली. तिनं त्याच्या हातातला आसूड हिसकला आणि दोन फटके त्याच्याच पाठीवर ओढले. सदरा फाटला. "तुला बी बसलं का ऊन आता? जू काढ आदी!" माणूस इतका चक्रावला, की त्यानं मुकाट्यानं जू काढलं. मग आपल्या वाटणीचं पाणी तिनं बैलाच्या डोक्यावर ओतलं आणि त्याच्या कानाला हात लावून बसली. कान तापले की जनावर गेलं समज, असं ती मला म्हणाली. तिला बैलाचं कळलं होतं, हे मी मुद्दाम सांगते आहे.

कारण पुढं जे झालं ते न कळल्यामुळं झालं. वखारीत नवी आलेली बाई पहिल्या आठ-पंधरा दिवसांत कधीतरी पडतेच. डोकं गरगरतं, मळमळतं, ओकारी होते. त्याला 'तंबाखू लागली' म्हणतात. त्यावर आम्हा सगळ्यांचं औषध एकच. गुळाचा खडा तोंडात घालायचा, गालावर दोन थपडा द्यायच्या आणि परत काठी हातात द्यायची. मला लागली होती, हौसाबाईला लागली होती, आक्काला स्वतःला लागली होती. त्यात कुणाला वाईट वाटायचं नाही. उलट बायका हसायच्या, झाली गं ही आता आपल्यातली, म्हणायच्या.

आक्काचा मुलगा ट्रकवर होता. त्याचं लग्न बोरगावच्या सुमनशी झालं. सुमन विधवा आईची एकुलती एक, शेतात राबलेली, बोलायला भित्री. आक्कानं सुनेला सासुरवास केला नाही. बोलणं तेवढं खरबरीत. पण घरातला गूळ तिच्या पदराला बांधायची, काम संपल्यावर तिच्या केसांतली धूळ स्वतः झाडायची. सुमन वखारीत येऊ लागली ती ऐन वैशाखात. एक दिवस सकाळपासून वावटळी उठत होत्या. मुकादमानं दारं लावली आणि वाऱ्यानं ती आपटू नयेत म्हणून बाहेरून अडसर घातला.

दुपार कलायच्या आत सुमनच्या हातातली काठी गळाली. ती ओकली आणि भिंतीला टेकली. बायका नेहमीप्रमाणं हसल्या. "लागली गं, लागली!" मीही हसले. आक्का उठली, तिच्या तोंडात गूळ कोंबला. गूळ तसाच ओठावरून खाली पडला. "नाटकं नगंत. समद्यास्नी लागती. ऊठ!" तिनं सुमनच्या गालावर एक थप्पड मारली, मग दुसरी. दुसरीचा आवाज साऱ्या वखारीत गेला. सुमन काहीतरी बरळली, आईला हाक मारल्यासारखं, आणि आडवी झाली.

तेव्हा आक्कानं तिच्या कपाळावर हात ठेवला. आम्ही सगळ्या घामानं निथळत होतो. त्या पोरीचं अंग कोरडं होतं. घामाचा टिपूस नाही, आणि तापलेल्या तव्यासारखी कातडी. आक्काचा चेहरा मी त्या अंधारातही पाहिला. "ही तंबाखू न्हाई," ती म्हणाली. मग किंचाळली, "दार उघडा! ऊन लागलंय पोरीला, दार उघड रं!"

बाहेरून मुकादम ओरडला, "वारं पडू द्या, मग उघडतो."

आक्कानं बडवायची काठी उचलली आणि दारावर घालायला सुरुवात केली. काठी मोडली, तिनं दुसरी घेतली. आम्हीही उठलो. पंधरा-वीस काठ्या त्या दारावर पडू लागल्या. फळी फुटायला लागली तसा मुकादमानं अडसर काढला आणि हात आडवा लावून उंबऱ्यात उभा राहिला. "माल उडतोय, मालकाला काय सांगू?" एवढंच तो बोलला. आक्काची काठी त्याच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे. मला तेव्हा दया आली नाही, आजही येत नाही.

सुमनला आम्ही बैलांच्या पाण्याच्या डोणीत निजवलं. आक्का तिच्यावर पाणी ओतत होती, तिचे तळवे चोळत होती, तिला हाका मारत होती. वाऱ्यानं वखारीतली सगळी भुकटी अंगणभर उडत होती आणि आम्ही त्यात खोकत होतो. टांगा आला. दवाखान्याच्या वाटेवर, आक्काच्या मांडीवर, सुमन गेली.

संध्याकाळी फौजदारापुढं आम्हाला उभं केलं. मुकादम हात गळ्यात बांधून आधीच येऊन बसला होता आणि त्यानं सांगून टाकलं होतं, की सासूनं सुनेला मारलं, त्यात ती मेली; चाळीस बायकांनी बघितलंय. खोटं तरी कसं म्हणावं? फौजदारानं आक्काला विचारलं, "मारलंस का तिला?"

"मारलं," आक्का म्हणाली.

"कितीदा?"

"दोनदा. ऊठ म्हणून मारलं."

मी मध्ये बोलू लागले, दाराचं, वाऱ्याचं, अडसराचं. हौसाबाईही बोलू लागली. फौजदारानं आम्हाला गप्प केलं. बाईनं स्वतः कबूल केल्यावर त्याला आणखी काय पाहिजे? मी आक्काच्या कानाशी लागून म्हटलं, "आक्का, ती थपडेनं गेली न्हाई, तेवढं तरी सांग." ती माझ्याकडं बघतच नव्हती. तिला तुरुंगात घातलं असतं तरी ती तशीच चालत गेली असती.

तेवढ्यात बोरगावच्या गाडीनं सुमनची आई आली. तिला वाटेतच कुणीतरी सगळं सांगितलं होतं. ती सरळ आक्कासमोर गेली आणि मारू लागली. तोंडावर, छातीवर, डोक्यावर, मुठींनी, मग पायातली वहाण काढून. आक्काच्या भुवईवरनं रक्त वाहायला लागलं. पोलीस धावला, तर आक्काच त्याच्यावर ओरडली, "तिला धरू नगंस!" जिच्या अंगाला कुणी बोट लावायची हिंमत केली नव्हती, ती दोन्ही हात मागं बांधून उभी होती. मारता मारता सुमनची आईच दमली आणि खाली बसली.

मग तिनं आम्हाला विचारलं, "दार कुणी लावलं हुतं?" या वेळी आम्हाला गप्प करणं कुणाला जमलं नाही. ती सगळं ऐकत राहिली. उठली, फौजदाराच्या टेबलाशी गेली. "हिनं माझ्या पोरीला मारलं. पर पोर त्येनं मेली न्हाई. मी बी वखारीत राबलोय, मी बी पोरींस्नी अशाच थपडा मारल्यात. दार लावणाऱ्याचं नाव लिवा."

फौजदारानं काय लिहिलं ते कुणास ठाऊक, पण आक्काला त्यानं सोडून दिलं. मुकादम त्या वर्षी गाव सोडून गेला आणि प्रकरण विरलं. एवढं मात्र झालं, की त्यानंतर वारं सुटो, वादळ सुटो, दार लावलं की आम्ही काठ्या खाली ठेवायचो. मालक चरफडला, शेवटी सरळ झाला. आक्काला मात्र पुन्हा कुठल्याच वखारीत काम मिळालं नाही. मुकादमाचं हाड मोडलेल्या बाईला कोण ठेवून घेणार? एक दिवस ती गाठोडं बांधून निघाली. मुलानं विचारलं, कुठं? तर म्हणाली, "बोरगावला. इहीनबाई एकली हाय."

त्यावर वस्तीत काय काय बोललं गेलं, सांगत नाही. मी पुढं शिक्षिका झाले, बेळगावला आले. बऱ्याच वर्षांनी एका लग्नासाठी बोरगावला गेले, तेव्हा तिला शोधून काढलं. दोघी म्हाताऱ्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. आक्काचे केस पांढरे झालेले, भुवईवर व्रण. सुमनची आई माझ्यासाठी चहा करायला आत गेली, तेव्हा मी विचारलंच, "आक्का, तुमचं दोघींचं कसं जमतं गं?"

ती शेंगा फोडत राहिली. "रोज सकाळी उठली की ती मला इचारती, माझ्या पोरीला का मारलंस? मी रोज सांगतो, ऊठ म्हणून मारलं. मग आमी च्या पितो."

"रोज?" मी विचारलं.

"एखाद्या दिशी ती इचारत न्हाई," आक्का म्हणाली. "त्या दिशी मला घास गिळत न्हाई."