नुसत्या भाकऱ्या

एफ.वाय.ची परीक्षा संपली त्या सुट्टीत मी आईबरोबर वसई पूर्वेच्या एका शर्टाच्या कारखान्यात धागे कापायला जात होते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे आईला माझं तिथे येणं आवडलं नव्हतं. पण नको असंही ती म्हणाली नाही.

आई बाह्या लावायची. तिच्या पुढच्या मशीनवर गिरीज गावची एक मावशी कॉलर लावायची. दोघी वर्षानुवर्षं तिथेच होत्या. बाकीच्या बायका टिकत नसत. टार्गेट वाढायचं, मान धरायची, पाणी प्यायला उठलं तरी सुपरवायझर घड्याळाकडे बघायचा. मग एक दिवस मशीनवर नवीनच कोणी दिसे. जाणारी सांगत नसे, कारण सांगितलं तर शेवटचे दिवस आणखी वाईट जात. पण प्रत्येकीची बॉबिनची डबी स्वतःची असे, हाताला बसलेली. काम सोडायचं ठरलं की संध्याकाळी ती मशीनमधून काढून न्यायची. म्हणून सुटताना आई सगळ्या मशीनांवरून एकदा नजर फिरवायची.

जेवणाचं दोघींचं ठरलेलं होतं. भाकऱ्या आईच्या, भाजी मावशीच्या वाडीतली. मी आल्यावर मावशी म्हणाली, "शिकलेली पोरगी आहे, पण खाते आपल्यासारखीच."

मे महिन्यात एका दुपारी मावशीच्या शर्टांचा गठ्ठा परत आला. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, "मौसी, दिखता नहीं तो घर बैठो." मावशीने गठ्ठा पुढ्यात ओढला. कॉलरी उसवत राहिली. सुटायच्या वेळी तिने मशीन पुसलं, डबी काढली आणि रुमालात बांधली. आईने पाहिलं. मीही पाहिलं.

फाटकापर्यंत तिघी बरोबर चाललो.

"उद्या केळफूल आण गो," आई म्हणाली. "बरेच दिवस झाले."

"आणते ना बाय. तू भाकऱ्या जरा मऊ कर. आजच्या दाताला लागल्या."

"भाकऱ्यांना कशाला नावं ठेवतेस? दात बघ आपले."

दोघी हसल्या. मग मावशी तिच्या वाटेने गेली.

सकाळी आईने तिघींच्या भाकऱ्या थापल्या. मी विचारलं, "भाजी काय करू?"

"तिची आहे ना," ती म्हणाली.

मावशीच्या मशीनवर माझ्याच वयाची एक मुलगी बसली होती. जेवताना तिने बटाट्याची भाजी आमच्यापुढे सरकवली. "नको गो, तू खा," आई म्हणाली आणि मावशीच्या वाटणीची भाकरी त्या मुलीच्या डब्यात ठेवली. आम्ही दोघींनी नुसत्या भाकऱ्या मिठाशी खाल्ल्या. मुलीचं नाव आईने विचारलं नाही.

मावशी येईल असं आईला खरंच वाटलं होतं का, हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्या संध्याकाळी आईची डबी मशीनमध्येच राहिली. जूनमध्ये माझं दुसरं वर्ष सुरू होणार होतं, फी भरायची होती.

दुसऱ्या सकाळी आई लवकर उठली आणि आमच्यापुरती वांगी चिरायला बसली.