नागलीवरची सीडी

कुणाच्या शेतात टांगलेली सीडी उन्हात चमकली, की जव्हारहून एसटीने आलेला तो मेकॅनिक आठवतो. मोखाड्यातल्या माझ्या दुकानातला कॉम्प्युटर त्याने पार पुसून कोरा केला आणि नवी विंडोज घालायला घेतली. माझी सीडी स्वस्तातली, जुनी विंडोज असलेल्यांनाच चालणारी, अपग्रेडची. तिने पुरावा म्हणून जुन्या विंडोजची सीडी मागितली. ती आईने चिमण्या हाकलायला दुकानामागच्या अंगणात, वाळत्या नागलीच्या कणसांवर टांगलेली!

तो हसला नाही. स्वतः जाऊन त्याने ती सोडवली, शर्टाला हळूच पुसली आणि आत सरकवली. काम पुढे सुरू झालं.

"पालापाचोळ्याचा राब भाजून जमीन कोरी केली, तरी बियाणं गेल्या सालचंच लागतं," तो म्हणाला.

जाताना सीडी त्याने माझ्याकडे नाही, आईकडे दिली. "टांग परत, आये. चिमण्या आल्या बघ."